काजळीवरची रेघ

सुपडूनानांच्या डाव्या हाताचा अंगठा काळा होता. जन्माने नव्हे, नोकरीने. धुळ्यातल्या आमच्या कॉलेजात औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते आणि रोज सकाळी रॉकेलच्या बत्तीवर कागदाला काजळी धरायचं काम त्यांच्याकडे होतं. कागद सगळीकडून सारखा काळा झाला की नाही, हे ते कडेला अंगठा हलकेच टेकवून पाहत. वर्षानुवर्षं असं पाहत आल्यावर त्या अंगठ्याने रंग धरला तो धरलाच. नानी तक्रार करायच्या की यांचा अंगठा भाकरीवरसुद्धा उमटतो. नाना म्हणत, "उमटू दे. कोणाची भाकर आहे ते तरी समजते."

काजळी कशाला, असं आजचा विद्यार्थी विचारेल. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्याकडे पडद्यावर नाचणारे आलेख नव्हते. एक पितळी ड्रम होता, विजेवर सावकाश फिरायचा. त्यावर गुळगुळीत कागद गुंडाळायचा, त्याला काजळी धरायची. समोर काचेच्या नळकांड्यात कोमट खारट पाणी, त्यात बोकडाच्या आतड्याचा नाहीतर रक्तवाहिनीचा तुकडा दोऱ्याने लटकवलेला. दोरा वर गव्हाच्या काडीला बांधलेला. तुकडा आकसला की काडीचं टोक वर जाई, सैल पडला की खाली येई, आणि काजळीत पांढरी रेघ उमटत जाई. मग तो कागद स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेतून काढून वाळत घालायचा, म्हणजे रेघ पक्की होते. लाख लावली नाही तर फुंकर मारली तरी काजळी हलते. हे लाख लावायचं कामही नानांचंच. त्या खोलीत बोकड आमच्यासाठी मरायचा, पण त्याचं म्हणणं काय होतं ते कागदावर टिकायचं की नाही, हे नाना ठरवत.

ते मूळचे रावेरकडचे. गावी थोरल्या भावाकडे केळीचा बाग होता, त्यात यांचाही वाटा होता. सुपडू हे नाव आमच्या खानदेशात आधीची मुलं न वाचलेल्या आईने ठेवलेलं असतं. सुपात घातलं, आता हा देवाचा नाही, माझा, अशा हिशेबाने. नाना स्वतः सांगत, "माह्या आधी दोघं गेले. मले सुपात टाकलं म्हणून राह्यलो." अंगाने उंच, किडकिडीत, गळ्यात तुळशीची माळ आणि तोंडात मांसाचा कण न गेलेला. अशा माणसाला रोज पहाटे सायकलवर बसून, हँडलला बर्फाचा थर्मास लटकवून कत्तलखान्यात जावं लागे. त्यासाठी एक वेगळा शर्ट होता. परत आले की प्रयोगशाळेमागच्या नळावर आंघोळ, शर्ट तिथेच खुंटीला, आणि मग पांढरा गणवेश. कोणी म्हटलं की नाना, दुसऱ्या कोणाला पाठवा, तर म्हणत, "दुसरा वढून आणतो. नळी वढायची चीज नाही." रक्तवाहिनीला ते नळीच म्हणत.

कत्तलखान्यातल्या रशीदचाचांशी त्यांची फार जुनी दोस्ती होती. नाना त्यांना गावाकडची केळी देत, चाचा त्यांना हवा तो तुकडा अलगद सोडवून देत. मी एकदा बरोबर गेले होते. नाना दाराबाहेर पाठ करून उभे होते. चाचा आतून ओरडले, "नाना, हो गया, अब मुडो." तेव्हाच नाना वळले. पाहायचं नाही आणि आणायचं मात्र स्वतःच, हा त्यांचा करार होता आणि तो दोघांनीही पाळला.

विद्यार्थ्यांमध्ये नानांचा धाक होता, पण तो आवाजाचा नव्हता. परीक्षेच्या वेळी तुकडा हलला नाही की मुलं काय करत, तर इकडे तिकडे पाहून काडीला बोटाने ढकलत. छान डोंगर उमटे. हे सगळ्या कॉलेजांत चालत असावं. आमच्याकडेही चालायचं, आणि मी स्वतः केलं होतं. आलेख वाळत घालायला नानांनी खिडकीपासून दारापर्यंत सुतळी बांधली होती. खरे आलेख दाराच्या बाजूला लागत. बोटाने काढलेले खिडकीच्या टोकाला. नाना परीक्षकांना एक शब्द सांगत नसत. पण आपला कागद खिडकीशी फडफडताना पाहून पोरांचे चेहरे असे पडत की नापास होणं परवडलं. मी पहिल्यांदा त्यांना विचारलं की तुम्हाला कळतं कसं, तेव्हा ते म्हणाले, "घाई तुले आहे वं माय, त्या तुकड्याले नाही."

मला ते पहिल्या दिवसापासून 'माय' म्हणत. आमच्याकडे लेकीला तसं म्हणतात. मी एम.डी.साठी तिथे आले होते, जळगावच्या पिंप्राळ्याहून. आमच्या गल्लीत मी पहिली डॉक्टर, त्यामुळे शिकण्याआधीच माझा बोभाटा झाला होता. स्वभाव तापट, जीभ लांब. वसतिगृहाच्या मेसवाल्यापासून ग्रंथपालापर्यंत माझं सगळ्यांशी वाजलं होतं. नानांशी वाजायला मात्र जागाच मिळत नसे, कारण ते भांडणाला उत्तर द्यायच्या ऐवजी काहीतरी काम पुढे करत. मी तणतणत आले की माझ्या हातात दोरा देऊन म्हणत, "हे गाठ मार." बोकडाच्या रक्तवाहिनीच्या पट्टीला गाठ मारायची तर श्वास रोखावा लागतो. गाठ होईपर्यंत भांडण कशावरून होतं तेच मी विसरून जाई.

त्यांच्या बागेतून दर हंगामात केळीचा एक घड यायचा आणि टेबलाखाली गोणपाटावर ठेवलेला असायचा. कोणी पिकलं का म्हणून अंगठ्याने दाबून पाहिलं की नाना एकदम कासावीस होत. "दाबू नका बापा. दाबेल केयं आज नाही दिसत. तिसऱ्या दिशी आतून कायं पडतं." हे त्यांनी प्राध्यापकांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. रक्तवाहिनीलाही ते चिमटा लावू देत नसत. कडेचा धागा धरायचा, तुकडा नाही.

माझा प्रबंधाचा विषय सरांनी दिला होता. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. सज्जन, घाईचे, आणि निकाल काय यावा हे आधी ठरवून बसणारे. विषय साधा होता. भूल देताना रोग्याचा रक्तदाब उतरतो, कारण रक्तवाहिन्या सैल पडतात. हे प्रत्येक भूलतज्ज्ञाला ठाऊक असतं. पण शरीर स्वतःसुद्धा रक्तवाहिनीला निरोप पाठवून ती सैल करत असतं. भुलीचं औषध अंगात असताना रक्तवाहिनी तो निरोप जास्त ऐकते की कमी? औषध होतं थायोपेंटॉन, पिवळट भुकटी, लसणासारखा वास येणारी. बोकडाच्या मानेतली रक्तवाहिनी लटकवायची, अ‍ॅड्रेनलिनने आकसवायची, मग अ‍ॅसिटिलकोलीनचे थेंब टाकायचे. हा तो निरोप. रेघ खाली यायला हवी. आधी औषधाशिवाय, मग औषध घालून. सर म्हणाले, "औषधाने दुप्पट सैल पडेल. सोपं काम आहे, सहा महिन्यांत उरकेल."

पाच महिने झाले तरी माझी एकही नळी सैल पडली नव्हती. आकसायची मात्र झकास. रेघ वर जाऊन ताठ उभी राही आणि अ‍ॅसिटिलकोलीन कितीही ओतलं तरी तिथेच. कधी कधी तर आणखी वर चढे. मी औषधाच्या बाटल्या बदलल्या, पाणी बदललं, बोकड बदलले. एकदा भर प्रयोगात वीज गेली. हवेचे बुडबुडे सोडणारा पंप बंद पडला; हवा मिळाली नाही की तुकडा मरतो. पहारेकरी दारातून म्हणाला, "नाना, बठ्ठा धुळामा लाईट नही शे." नानांनी सायकलचा पंप आणला, त्याला रबरी नळी जोडली आणि तास सव्वातास हलक्या हाताने हवा मारत राहिले. मध्येच नळकांड्याभोवतीच्या भांड्यात किटलीतलं गरम पाणी घालायचे आणि कोपर बुडवून पाहायचे, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी पाहतात तसं. वीज आली. तुकडा जिवंत होता. आकसला. सैल पडला नाही. मी टेबलावर डोकं टेकून रडले आणि नाना सायकलचा पंप जागेवर ठेवून आले.

सोमवारी सरांसमोर सगळ्या विभागाच्या देखत मला काम मांडायचं होतं. दाखवायला काही नसेल तर विषय रद्द होणार आणि माझं सत्र बुडणार, हे सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. शनिवारी दुपारी नाना जेवायला गेले तेव्हा मी दार लोटून घेतलं, ड्रम सुरू केला आणि काडीवर बोट ठेवलं. आधी रेघ वर नेली. मग हळू खाली आणली, थोडी. पुन्हा वर, आणि 'औषधानंतर' म्हणून पुन्हा खाली, दुप्पट. सरांना हवं होतं तसं. रेघ हलू नये म्हणून मी दुसऱ्या हाताने मनगट धरलं होतं. आलेख फार सुरेख आला.

नाना आले. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "नाना, अखेर झाली एकदाची सैल. लाख लावा." त्यांनी कागद दोन कोपऱ्यांत धरून खिडकीकडे नेला आणि बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "लाख संपेल आहे माय."

लाखेचं ताट आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर होतं, काठोकाठ भरलेलं. स्पिरिटचा वास खोलीभर पसरला होता.

"उद्या लावाल?" मी विचारलं.

"उद्याबी संपेल राहीन."

माझा पारा चढला. मी एम.डी.ची विद्यार्थिनी आणि हे परिचर, असले विचारसुद्धा मनात आले. आज लिहिताना लाज वाटते, पण आले. मी म्हटलं, "मग मीच लावते." त्यांनी वाट अडवली नाही. कागद मात्र माझ्याकडे इतका जपून दिला की त्या खोट्या रेघेलाही धक्का लागला नाही. आणि मग बोलले, नेहमीसारखे खालच्या आवाजात. "हे पाय. उतरताना तुही रेघ सरय उतरली. जिवंत चीज अशी नाही उतरत. थांबत थांबत उतरते. तुही नळी उतरताना मी पाहेल नाही अजून. पण ती अशी उतरणार नाही, येवढं मले समजते."

मी उभीच राहिले. ते ओरडले असते तर मी ओरडले असते आणि लाखही लावली असती. त्यांनी नुसतं मला माझं काम समजावून सांगितलं होतं. मी कागद टेबलावर पसरला आणि त्यावरून तळहात फिरवला. सगळा हात काळा झाला. नानांनी जाऊन नळ सोडला.

सोमवारी मी सरांना सांगितलं की पाच महिन्यांत एकही नळी सैल पडलेली नाही. सर चिडले, चष्मा काढला, परत घातला, आणि सत्राच्या अखेरपर्यंत मुदत दिली. नाहीतर विषय रद्द. दोन महिने उरले होते.

त्याच आठवड्यात रावेरकडे वादळ झालं. नानांच्या भावाचा निरोप आला की बाग आडवा झाला. नाना चार दिवसांची रजा टाकून गेले. जाताना मला थर्मास देऊन बजावलं, "चाचाले सांगेल आहे. तू बाहेरच उभी राह्य."

मी लुनावर जाऊन तुकडा आणला. उशीर झाला होता, जीव उडाला होता, होईल ते होवो म्हणून तो नुसता खारट पाण्यात खळबळला, कापला, लटकवला. आकसला. अ‍ॅसिटिलकोलीन टाकलं आणि चहा ओतून घ्यायला वळले. परत पाहते तर रेघ खाली येत होती. सरळ नाही. जरा उतरायची, थांबायची, पुन्हा उतरायची. मी चहाचा कप हातात तसाच धरून उभी होते आणि खोलीत सांगायला कोणी नव्हतं.

योगायोग असेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. काय बदललं ते मी मोजू लागले, आणि कपाटातल्या एका पत्र्याच्या डबीपाशी अडले. त्या डबीत कापसाच्या लांब वाती होत्या, नानींनी घरी वळलेल्या. नाना तुकडा आणला की बारीक तारेच्या आकड्याला वात अडकवून ती नळीच्या आतून ओढून काढत. एकदा, दोनदा, तीनदा, वात पांढरी निघेपर्यंत. आत रक्ताचा थेंब राहू नये, डॉक्टरीणबाईला स्वच्छ माल मिळावा म्हणून. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं, ही त्यांची माया होती. सरांच्या जुन्या कामात नळ्या फक्त आकसतात का एवढंच पाहायचं असे, त्यात या वातीने काही बिघडलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी एका बोकडाच्या मानेच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या घेतल्या. उजवीतून वात ओढली, डावीतून नाही. डावी सैल पडली. उजवी ताठच्या ताठ. नळीला आतून एक नाजूक अस्तर असतं, नजरेला न दिसणारं. निरोप ते ऐकतं, आणि वातीने तेच घासून निघत होतं. माझे पाच महिने त्या वातींवर निघून आले होते.

आता हे नानांना सांगायचं कसं? खरं सांगते, मला वाटलं होतं की मी चिडेन. माझा स्वभावच तसा. पण ज्या माणसाने मला खोटेपणातून ओढून काढलं, त्याच्या हातात ही वात कशी ठेवायची, हेच सुचेना. नाना आले, उन्हाने रापलेले, एकदम म्हातारे दिसणारे. बागेचं विचारलं तर म्हणाले, "झोपला. मुनवे निघतीन पुन्हा." मुनवे म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारे कोंब. दुसऱ्या पहाटे ते तुकडा घेऊन आले तेव्हा मी दारातच थर्मास काढून घेतला आणि त्यांना काजळी धरायला पाठवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी थर्मास सोडला नाही.

"माहे हात खराब झाले का वं माय?"

मग मी सांगितलं.  सगळं ऐकून म्हणाले, "दाखव." मी पुन्हा दोन बाजूंच्या दोन नळ्या लावल्या. उजवीतून वात त्यांनी स्वतः ओढली. दोन काड्या, दोन रेघा. डावी रेघ थांबत थांबत खाली येऊ लागली तशी नाना वाकून तिच्याजवळ गेले. उजवी तशीच राहिली. प्रयोगशाळेत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते स्टुलावर बसले. म्हणाले, "केयाले बोट लावू नका म्हणून बठ्ठ्या दुनियेले सांगत फिरलो. अन् मी सोता आतून घासत होतो."

मी म्हटलं, "नाना, तुम्ही नसतात तर हे कळलंच नसतं." ते खरं होतं, पण त्यांच्या कानापर्यंत गेलं नाही. ते उठले आणि थेट सरांच्या खोलीत गेले. मी मागोमाग. सर कोणाशी तरी बोलत होते. नाना दारातूनच म्हणाले, "साहेब, या पोरीचे पाच महिने माह्या हातानं गेले. तिची चूक नाही. लेखी पाहिजे तं मी अंगठा देतो." नानांना सही येत होती, चांगली येत होती. त्यांना आपला तो काळा अंगठाच द्यायचा होता.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि, त्यांचं ऋण मानते, ते उठून प्रयोगशाळेत आले. दोन्ही रेघा पाहिल्या. मग ग्रंथालयात जाऊन जुन्या अंकांचे गठ्ठे उपसून बसले. परदेशात काही वर्षांपूर्वी कोणाच्या तरी लक्षात हे आलेलं होतं. आमच्याकडे ते अंक उशिरा येत आणि बांधणीला जात. सर म्हणाले, "नाना, ज्या चुकीवर तिकडे मोठमोठे लोक अडले होते, तीच तुम्ही केलीत. बसा." नाना बसले नाहीत. वातींची डबी त्यांनी त्याच संध्याकाळी घरी नेली, नानींच्या देव्हाऱ्यासाठी.

त्यानंतर दीड महिना आम्ही दोघांनी जे काम केलं तसं मी पुन्हा कधी केलं नाही. नाना तुकडा आतून पाण्याच्या धारेनेसुद्धा धूत नसत. नुसता झुलवत. आणि निकाल लागला तो सरांच्या अंदाजाच्या अगदी उलट. थायोपेंटॉन घातलं की नळी आपोआप थोडी सैल पडायची, पण शरीराचा निरोप मात्र निम्माच ऐकायची. रेघ अर्ध्या वाटेत थांबायची. मी शनिवारी बोटाने काढलेल्या त्या सुरेख आलेखाच्या नेमकी विरुद्ध. पहिला असा आलेख नानांनी लाखेतून काढला, सुतळीवर अगदी दाराजवळ लावला आणि मला म्हणाले, "हे कोणाच्या कामी येईन का माय?" मी म्हटलं, "येईल ना." एवढ्या थाटात म्हटलं, जसं काही मला ठाऊकच होतं.

कामी काही आलं नाही. मला पदवी मिळाली, प्रबंध तांबड्या कापडात बांधून कपाटात गेला. मी लग्न करून जळगावला परतले आणि दवाखाना थाटला. ताप, खोकला, जुलाब. नाना निवृत्त होऊन गावी गेले. दिवाळीला त्यांच्या नातवाच्या अक्षरातलं पत्र यायचं, खाली अंगठा.

मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका सकाळी नानांच्या मुलाचा फोन आला. नानांना पित्ताशयाच्या खड्यांसाठी जळगावात एका दवाखान्यात आणलं होतं, रक्तदाब जुना, वय झालेलं, आणि आज ऑपरेशन होतं. नानांना तो आबा म्हणे. "आबा म्हने, मायले बोलाव." मी दवाखाना बंद करून धावले. आधीच सांगून टाकते, ऑपरेशन व्यवस्थित झालं, नाना गावी गेले आणि पुढे कितीतरी वर्षं केळीच्या मुनव्यांत फिरत राहिले. पण मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा गर्दी होती म्हणून दारातूनच परतले, नंतर जाणं झालं नाही, आणि माझ्याजवळ त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या सकाळचंच.

ते ऑपरेशनच्या टेबलावर होते. हिरव्या चादरीखाली इतके थोडे उरलेले की आधी मला ओळख पटेना. भूलतज्ज्ञ कोवळा मुलगा होता, पण आदबीचा. नाना त्याला विचारत होते, "कोणतं औषध देशीन?"

"थायोपेंटॉन, बाबा. झोप येईल, काही कळणार नाही."

नाना कोपरावर उठू लागले. त्याने खांदे धरले तरी त्यांनी मान वर ठेवलीच. "मंग आईक," ते म्हणाले. "ते औषध गेलं म्हणजे नळी आपसूक सैल पडते. ते तुले ठाऊक आहे. पण अंगातून निरोप आला तं ती अर्धाच आईकते. तिचं तिले सावरता नाही येत. म्हणून एकदम नको देऊ. थांबत थांबत दे. आम्ही पाहेल आहे."

मुलगा हसला नाही. त्याने आधी त्यांच्याकडे आणि मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. भरलेली पिचकारी त्याच्या हातात होती.

"मॅडम, हे तुम्ही स्वतः पाहिलंय?"

त्या एका क्षणात मला काय काय आठवलं ते लिहिता येणार नाही. त्या शनिवारचा माझा आलेख नानांच्या नजरेतून सुटून पक्का झाला असता, तर नेमकी याच्या उलट गोष्ट माझ्या नावावर छापून पडली असती. नानांनी ती अशीच श्रद्धेने पाठ केली असती, इथे या टेबलावर पडून सांगितली असती, आणि मला हो म्हणावं लागलं असतं.  पण आता इतकं हलकं वाटलं की बस. मला या माणसाशी खोटं बोलावं लागणार नव्हतं. ती तजवीज त्यांनीच करून ठेवली होती.

"हो," मी म्हटलं. "आम्ही दोघांनी पाहिलंय."

मुलाने मान हलवली आणि पिचकारीतलं अर्धं औषध नंतर द्यायला काढून ठेवलं. नानांनी डोकं उशीवर टेकलं, डोळे मिटले आणि हात पुढे केला.